भाचीसाठी मागवलेला नामांक अहवाल: पाचपैकी दीड तारा

भाची जन्मली तेव्हा तिचं नाव आधीच ठरलेलं होतं. मुक्ता. मी आत्या, म्हणजे नाव कानात सांगायचा मान माझा. त्या आनंदात, बाळाला काहीतरी वेगळं द्यावं म्हणून मी एका ऑनलाइन सेवेकडून तिचा अंकशास्त्राचा अहवाल मागवला. मूलांक, भाग्यांक, नामांक, शुभ रंग, शुभ वार, शुभ अंक, सगळं एकत्र. सेवेचं नाव लिहीत नाही. माझं भांडण अहवालातल्या एका पानाशी आहे, आणि तसलं पान तुमच्याही घरात येऊ शकतं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते, अंकांवर माझी श्रद्धा आहे. आजीची १०८ मण्यांची तुळशीची माळ माझ्याकडे आहे. दोरा दोनदा बदलला, मणी तेच आहेत, आणि अंगठ्याखाली येणारी त्यांची बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे. रोज सकाळी एक माळ होते. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची, हे आजीने शिकवलं. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चरण ४, म्हणून १०८, हेही तिनेच सांगितलं. दुसरीकडे बावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवते. तेव्हा अंकशास्त्र म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, आणि बेरीज न तपासता पान उलटणाऱ्यांतलीही नाही.

मागवतानाच पहिला खडा लागला. नावाच्या रकान्यात मी ‘मुक्ता’ असं देवनागरीत टाइप केलं. खाली लाल अक्षरांत आलं, ‘कृपया योग्य नाव भरा.’ तीनदा प्रयत्न केला. शेवटी इंग्रजीत लिहिल्यावर गाडी पुढे सरकली. अहवाल मराठीत मिळणार होता, जाहिरात मराठीत होती, पैसे भरल्याचा निरोपही मराठीत आला. फक्त मुलीचं नाव मराठीत चाललं नाही. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

अहवाल सांगितल्या वेळेत आला, चोवीस तासांच्या आत. ३४ पानं, छपाई सुबक, प्रत्येक पानाच्या डोक्यावर बाळाचं नाव. तारखेचे हिशेब बरोबर होते. जन्म १७ ऑगस्ट २०२५, म्हणून मूलांक १ + ७ = ८. पूर्ण तारखेची बेरीज २५, म्हणून भाग्यांक ७. नामांकासाठी इंग्रजी अक्षरांना अंक दिले होते: एम ४, यू ६, के २, टी ४, ए १. बेरीज १७. पुन्हा ८.

आणि मग सहावं पान. त्यावर लिहिलं होतं की ८ हा शनीचा अंक आहे, मूलांकही ८ आणि नामांकही ८ म्हणजे ‘दुहेरी शनी’. या जातकाला प्रत्येक गोष्ट उशिरा आणि कष्टाने मिळेल. वडिलांशी मतभेद होतील. वैवाहिक जीवनात एकटेपणा येईल. वरिष्ठांचा रोष ओढवेल. उपाय म्हणून नावाच्या शेवटी आणखी एक ‘ए’ जोडावा, म्हणजे बेरीज १८, नामांक ९, आणि तो अंक मंगळाचा, तेजस्वी. शिवाय एक यंत्र घ्यावं आणि तज्ज्ञांशी सशुल्क बोलावं. बाळ तेव्हा अकरा दिवसांचं होतं. तिला अजून मान धरता येत नव्हती.

अहवाल मी आधी स्वतः वाचायला हवा होता. फाइल आली तशी मी ती घरच्या ग्रुपवर पाठवून दिली.

वहिनीने ते पान पहाटे तीनला वाचलं, बाळाला पाजताना, एका हातात मोबाइल धरून. सकाळी मी गेले तर तिचे डोळे सुजलेले. ती मला म्हणाली, “ताई, वीस मिनिटांनी चुकलं हो.” मला आधी कळेना. मुक्ता रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी जन्मली. वीस मिनिटं आधी आली असती तर तारीख १६ असती, मूलांक ७ झाला असता. वहिनी तो हिशेब रात्रभर करत बसली होती. कळा कधी सुरू झाल्या, दवाखान्यात कधी पोचलो, डॉक्टर काय म्हणाल्या, आपण आणखी थोडा जोर लावला असता तर. नऊ महिने सांभाळून मूल हातात आलेलं, आणि तिला वाटत होतं की तिने मुलीचं नशीब वीस मिनिटांनी बिघडवलं.

या एका सकाळीसाठी मी अहवालाचे साडेतीन तारे कापले आहेत.

त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि वही घेऊन तिच्याजवळ बसले. “घाबरू नकोस, असलं काही नसतं,” एवढं म्हणून भागणार नव्हतं. वहिनी श्रद्धाळू आहे, मीही आहे. श्रद्धेला श्रद्धेच्याच घरातून उत्तर मिळालं तर ते पोटात उतरतं. म्हणून आम्ही १७ आणि ८ या दोन आकड्यांची चौकशी करायची ठरवली.

पहिली गोष्ट वीस मिनिटांची. मध्यरात्री दिवस बदलतो हा घड्याळाचा आणि इंग्रजी तारखेचा नियम. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. त्या हिशेबाने मुक्ता जन्मली तेव्हा आदल्याच दिवसाचा वार चालू होता. शनीचं नाव घेऊन घाबरवणाऱ्या अहवालाने दिवस मात्र मोजला मध्यरात्रीपासून. आणि इंग्रजी तारीख तरी कुठे दगडावरची रेघ आहे? १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडर सुधारलं तेव्हा ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला. ब्रिटनने हीच सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली आणि तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात एकाच दिवशी जन्मलेल्या दोन बाळांच्या तारखा देशागणिक वेगळ्या होत्या. वहिनी हे ऐकून पहिल्यांदा नीट बसली. “मग त्यातलं खरं कुठलं?” तिने विचारलं. मी म्हटलं, बाळ खरं.

मग आठ. हा तर आपलाच. देवकीचा आठवा कोण? कृष्ण. जन्म कधीचा? अष्टमीचा. विष्णूच्या दशावतारात त्याला आठवाच म्हणतात. मुक्ता जन्मली तेव्हा गोकुळाष्टमी नुकतीच होऊन गेली होती, पाळण्याची फुलंही पुरती सुकली नव्हती. अष्टविनायक आठ. नमस्कारांतला सर्वांत नम्र नमस्कार साष्टांग, आठ अंगांनी घातलेला. गौतम बुद्धाने सांगितलेला मार्ग अष्टांगिक. पतंजलीचा योगही आठ अंगांचा. ज्या घरात आठ हा अंक इतक्या वेळा देव्हाऱ्यात बसलेला आहे, त्या घरात अहवालाने आठच्या मागे एकच ओळ लावली: शनी, म्हणून कष्ट.

चीनमध्ये तर आठसाठी लोक जीव टाकतात. तिथे आठचा उच्चार ‘बा’, आणि भरभराटीला येण्यासाठी जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘फा’. कानाला दोन्ही जवळचे, म्हणून आठ म्हणजे समृद्धी. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८-८-२००८ ला रात्री ८ वाजता झालं, ते याच भावनेतून. जपानमध्ये आठचा मान पाहण्यावरून येतो. तिथे हा अंक दोन रेघांनी लिहितात, त्या वर जवळ असतात आणि खाली फाकत जातात, उघडत्या पंख्यासारख्या. पुढे पुढे रुंद होत जाणारं आयुष्य, असा त्याचा अर्थ लावतात. मी वहीत तो आकार काढून दाखवला. वहिनी म्हणाली, “घराच्या छपरासारखं दिसतंय.” मलाही तसंच दिसलं.

उलट चार हा अंक चीन, जपान आणि कोरियात नकोसा, कारण त्याचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दाला लागून जातो. हाँगकाँगच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये चार, चौदा, चोवीस ही बटणंच नसतात. मजला असतो, फक्त त्याला तो आकडा देत नाहीत. हे वाचताना मला आपला ‘छत्तीसचा आकडा’ आठवला. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात ते देवनागरीत. इंग्रजी लिपीत तो आकडा लिहा, भांडण दिसतच नाही. त्रेसष्ट लिहिलं की तेच दोघं समोरासमोर. म्हणजे कुठे उच्चार, कुठे आकार, कुठे एखादी कथा. अंकाला शुभ-अशुभ चिकटतं ते बोलीतून, लिपीतून, आठवणीतून. म्हणूनच ते इतकं खोल रुजतं आणि म्हणूनच दुसऱ्या भाषेत नेलं की पुष्कळदा गळून पडतं.

आता सतरा. इटलीत सतराला टाळतात. रोमन आकड्यांत सतरा लिहायला जी चार अक्षरं लागतात, ती जागा बदलून मांडली की लॅटिनमध्ये ‘विक्सी’ असा शब्द होतो, म्हणजे ‘मी जगलो’, पर्यायाने ‘आता मी नाही’. हे मी वहिनीपासून लपवलं नाही. पण ज्यूंकडे जा. हिब्रू भाषेत प्रत्येक अक्षराला स्वतःचं मूल्य असतं. ‘तोव्ह’, म्हणजे चांगलं, शुभ. त्याची अक्षरं ९, ६ आणि २. बेरीज १७. तोच आकडा एका भाषेत ‘संपलं’ म्हणतो आणि दुसरीत ‘चांगलं आहे’ म्हणतो. आणखी एक आठवण दादाने काढली, तो तोवर दारात येऊन उभा राहिला होता. अपोलो १३, अमेरिकेची चांद्रमोहीम. तेरा आकड्याला घाबरणाऱ्यांचं हे नेहमीचं उदाहरण: ११ एप्रिल १९७० ला ह्यूस्टनच्या घड्याळात १३ वाजून १३ मिनिटांनी उड्डाण, आणि १३ एप्रिलला ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट. दादा म्हणाला, “पण तिघं जिवंत परत आले की. तारीख बघ.” पाहिली. १७ एप्रिल.

तेराचीच गोष्ट घ्या. पाश्चात्त्य देशांत तो अपशकुनी. आपल्याकडेही ‘तेरावं’ म्हटलं की दुःखच आठवतं. शीख परंपरेत मात्र तो लाडका आहे. सुलतानपूर लोधीला मोदीखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, धान्य तोलताना गुरू नानक तेरापर्यंत आले आणि ‘तेरा, तेरा’ म्हणत तिथेच थांबले. तेरा म्हणजे तुझा, देवाचा. मला ही कथा फार आवडते.

वहिनीला उजेड पडायला लागला होता. पण माझ्यातल्या शिक्षिकेला अहवालाचं गणितही तपासायचं होतं, कारण ‘हे पाच हजार वर्षांपूर्वीचं खाल्डियन शास्त्र आहे’ असं पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं. खाल्डियन लोक प्राचीन मेसोपोटेमियातले. अहवालातला तक्ता इंग्रजी वर्णमालेच्या सव्वीस अक्षरांचा. त्यातली जे, यू आणि डब्ल्यू ही अक्षरं युरोपात स्वतंत्र मानली जाऊ लागली तीच मुळी पुष्कळ नंतर. ‘मुक्ता’ लिहिताना ‘यू’साठी ६ धरले आहेत, ते पाच हजार वर्षांपूर्वी कुणी दिले असतील? ही पद्धत आजच्या रूपात घराघरांत पोचवली ती किरो या नावाने प्रसिद्ध असलेल्या हस्तसामुद्रिकाने, आणि त्याचा काळ १८६६ ते १९३६. एवढं सरळ लिहिलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

खरी चूक पुढे आहे. किरोच्या पद्धतीत दोन आकडी बेरजेलाही स्वतंत्र अर्थ असतो, त्याला संयुक्त अंक म्हणतात. सतराला त्याने शुक्राचा आठ टोकांचा तारा म्हटलं आहे, शांती आणि प्रेमाचं चिन्ह. माणसाचं नाव त्याच्या मागे उरतं, असा अंक. चार आणि आठ यांची संगत असेल तर जपून, असंही तो सुचवतो, आणि आठबद्दल तो एकूणच सावध आहे, हे मान्य. पण अठरा? अठराचं त्याचं चित्र भांडणाचं, युद्धाचं, कपटाचं आहे. आणि अहवालाने बाळाच्या नावाला जादा ‘ए’ लावून नेमकी १८ बेरीज करून दिली! ज्या पद्धतीचं नाव घ्यायचं, तिच्याच तक्त्यात शुभ मानलेली बेरीज काढून अशुभ मानलेली बसवायची, आणि त्याला उपाय म्हणायचं. संयुक्त अंकाचा उल्लेख ३४ पानांत एकदाही नाही.

एकविसाव्या पानावर बाळाचा स्वभाव दिला होता, तिथे नामांक अचानक ३. मला वाटलं छपाईची चूक. वहीवर मांडून पाहिलं तर तिथे तक्ताच बदलला होता. ए पासून आयपर्यंत १ ते ९, पुढे जे पासून पुन्हा १, ही पायथागोरसच्या नावाने चालणारी पद्धत. त्यात एम ४, यू ३, के २, टी २, ए १, बेरीज १२, म्हणून ३. भीती दाखवायला एक पद्धत, कौतुक करायला दुसरी. पद्धत बदलल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

मूलांक म्हणजे नेमकं काय, हेही वहिनीला सांगितलं. कुठल्याही संख्येचे अंक एक आकडा उरेपर्यंत मिळवत गेलात की हाती येते ती त्या संख्येला ९ ने भागल्यावरची बाकी, बाकी शून्य असेल तर ९. १७ म्हणजे ९ अधिक ८. दहाला नवाने भागलं की एक उरतो, म्हणून हे जमतं. त्यामुळे महिन्यातल्या ८, १७ आणि २६ या तीन तारखांना जन्मलेले सगळे ‘आठ’. एकतीस दिवसांच्या महिन्यात एकतीसपैकी तीन, जवळजवळ दर दहा माणसांत एक. दुसऱ्या दिवशी शाळेत मी नववीचं रजिस्टर उघडलं. ५४ मुलं, त्यांत या तारखांची पाच. एक जण वर्गाचा मॉनिटर, आवाज असा की शेजारचा वर्गही गप्प होतो. एक मुलगी चारशे मीटर धावते आणि डबा नेहमी दुसऱ्या तासालाच संपवते. एक लाजरा, पण भूमितीची आकृती इतकी स्वच्छ काढतो की मी ती फळ्यावर लावते. राहिलेले दोघं एकमेकांचे जिवलग मित्र, वेगळं बसवलं की रुसतात. मी त्या पाचही नावांवरून बोट फिरवलं. यांच्या आयांना कुणी असलं पान पाठवलं नव्हतं, याचं बरं वाटलं.

सेवेला न्याय द्यायचा म्हणून मी आणखी एक अहवाल मागवला. तारीख तीच, नाव वेगळं, एका मुलाचं. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. चौथ्या पानापासून एकोणिसाव्या पानापर्यंत, नावाचा हिशेब सोडला तर, शब्द न् शब्द सारखा. ‘वडिलांशी मतभेद’ही तेच आणि ‘वैवाहिक एकटेपणा’ही तोच. मूलांकाचा भाग सारखा असणार हे समजू शकते, पण मग ‘खास आपल्या बाळासाठी, तज्ज्ञांनी तयार केलेला’ असं म्हणू नये. शिवाय मुक्ताच्या अहवालात दोन ठिकाणी ‘हा जातक आपल्या पत्नीशी’ असं आहे. पान कुणी वाचून पाठवलेलंच नाही.

मी त्यांना सविस्तर ईमेल लिहिली. तीन गोष्टी मागितल्या. नावाचा रकाना देवनागरी स्वीकारू दे. कुठला तक्ता वापरला ते प्रत्येक पानावर लिहा. आणि नवजात बाळाच्या अहवालातून लग्न, मतभेद, कष्ट ही भाकितं काढून टाका, कारण तो अहवाल वाचणार आहे ओली बाळंतीण. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भाषा अतिशय नम्र, ‘ताई’ म्हणून सुरुवात. पहिल्या दोन मुद्द्यांवर ‘सूचनेची नोंद घेतली आहे’. तिसऱ्यावर लिहिलं होतं, ‘आठ अंकाला घाबरण्याचे कारण नाही, आमच्या यंत्राने दोष सौम्य होतो.’ पैसे परत मागितले नव्हते आणि नियमात ते बसतही नव्हते. तो नियम त्यांनी विकताना स्पष्ट लिहिला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण घाबरवणारं पानही त्यांचंच आणि घाबरू नका म्हणून यंत्र पुढे करणारेही तेच, हे मला सहन झालं नाही.

तरीही दीड तारा दिला आहे, तो का, तेही सांगते. एक तारा वेळेवर आल्याबद्दल आणि तारखांच्या अचूक बेरजांबद्दल. अर्धा शेवटून तिसऱ्या पानासाठी. त्या पानावर कुठल्या परंपरेत कुठला अंक पवित्र आहे याची छोटी ओळख आहे. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची अबजद, म्हणजे अरबी अक्षरांना अंक देण्याच्या, पद्धतीने होणारी बेरीज ७८६, ज्यूंच्या ‘हाय’ म्हणजे ‘जिवंत’ या शब्दाची बेरीज १८ आणि म्हणून शुभप्रसंगी अठराच्या पटीत देण्याची रीत, गणपतीच्या २१ दूर्वा. लिहिणाऱ्याने ते पान मनापासून लिहिलं आहे, हे जाणवतं. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठांचाही उल्लेख हवा होता. आपला सर्वांत लाडका शुभ अंक पूर्णांकसुद्धा नाही, आणि त्याला कुठल्याच नामांकात बसवता येत नाही. अख्खा अहवाल त्या एका पानासारखा असता तर मी तो जपून ठेवला असता.

मागवायचाच असेल तर आधी विचारून घ्या की तक्ता कुठला वापरता, संयुक्त अंक देता का, आणि बाळासाठी असेल तर भाकितं वगळून देता का. आणि फाइल आली की पहिल्यांदा स्वतः वाचा. बाळंतिणीच्या फोनवर पाठवू नका.

आता त्या नाकारलेल्या देवनागरी नावाबद्दल. ते माझ्या मनात सलत राहिलं होतं. स्टाफरूममध्ये आमच्या संस्कृतच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “इंग्रजी स्पेलिंगला कशाला विचारता? आपल्या अक्षरांना आपले आकडे आहेत की. कटपयादि काढा.” मला हे नाव ऐकून माहीत होतं, वापरून कधी पाहिलं नव्हतं. क, ट, प आणि य या चारही अक्षरांपासून एकपासून मोजायला लागायचं. क वर्ग आणि च वर्ग मिळून दहा अक्षरं, ट वर्ग आणि त वर्ग मिळून दहा, प वर्गाची पाच, य पासून पुढची उरलेली. दहावं अक्षर आलं की शून्य. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. आणि आलेले आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे, ‘अंकानां वामतो गतिः’. मोठमोठ्या संख्या श्लोकात बांधून पाठ ठेवता याव्यात म्हणून ही युक्ती केली गेली. भविष्य सांगायला नाही.

बाईंनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं. मु: प फ ब भ म, म्हणजे ५. क्ता: शेवटचं व्यंजन त. ट ठ ड ढ ण त, म्हणजे ६. पाच, सहा. उलटं वाचायचं. ६५.

“पासष्ट,” त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. त्या कर्नाटक संगीत शिकलेल्या आहेत. तिकडे ७२ मेळकर्ता, म्हणजे मूळ, रागांची नावं अशी बांधली आहेत की पहिल्या दोन अक्षरांवरून रागाचा क्रमांक कळावा. धीरशंकराभरणम्, ध ९, र २, म्हणून एकोणतिसावा. आणि पासष्टावा मेळ मेचकल्याणी. मे ५, च ६. मुक्तासारखाच. “मेचकल्याणी म्हणजे तुमचा यमन हो,” त्या म्हणाल्या.

यमन. आमच्या घरात संध्याकाळी दिवे लागले की आई जो गुणगुणायची, तो. दादाने पेटीवर पहिल्यांदा बसवला, तो. सगळे शुद्ध स्वर आणि एक तीव्र मध्यम. हे योगायोगाने जुळलं, हे गणिताच्या शिक्षिकेला कळतं. तरी मी त्या कोपऱ्याचा फोटो काढून, आधी स्वतः दोनदा वाचून, मग वहिनीला पाठवला.

संध्याकाळी गेले तर दादाने पेटी कपाटावरून खाली काढली होती. धूळ पुसून, भाता दोन-तीनदा हलवून तो नि रे ग शोधत होता. मुक्ता वहिनीच्या मांडीवर जागी होती. टेबलावर जन्मदाखल्याचा अर्ज होता, वहिनीने भरलेला. मराठीच्या रकान्यात ‘मुक्ता’. इंग्रजीच्या रकान्यात पाच अक्षरं, शेवटी एकच ‘ए’.